बेरीज करायची की गुणाकार?

प्रश्न : एक शिक्षिका गेली नऊ वर्षे सहावी आणि सातवीच्या वर्गांना गणित व विज्ञान शिकवीत आहेत. वर्गातील मुले मेहनती आहेत, पाठांतर चोख आहे आणि फळ्यावर सोडवून दाखवलेल्या उदाहरणासारखे उदाहरण आले तर ती बिनचूक सोडवतात, पण तेच उदाहरण थोडे फिरवून विचारले की सगळा वर्ग थबकतो आणि कोणीतरी विचारते, “बाई, इथे बेरीज करायची की गुणाकार?” मुलांनी विचार करायला शिकावे म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वी आठवड्यातील एक तास ‘विचारकौशल्याचा तास’ म्हणून राखून ठेवला. त्या तासाला कोडी, तर्काचे खेळ आणि आकृत्यांच्या मालिका सोडवल्या जातात. मुलांना तो तास फार आवडतो आणि कोडी सोडवण्यात ती तरबेजही झाली आहेत; गणिताच्या तासाला मात्र परिस्थिती जैसे थे आहे. नेहमीच्या तासांनाही त्यांनी ‘का’ आणि ‘कसे’ विचारून पाहिले, तर वर्ग गप्प राहतो आणि शेवटी ठरावीक तीन-चार मुलेच बोलतात. अभ्यासक्रम मागे पडतो आहे, पालक गुणांविषयी विचारू लागले आहेत, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘विचारशक्ती उपजतच असावी लागते’ असे सांगून विषय संपवला. त्या विचारतात : “पाठांतर बंद करून सगळे नव्याने सुरू करू, की हा नाद सोडून पूर्वीसारखे शिकवू?”

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. “बाई, इथे बेरीज करायची की गुणाकार?” हा प्रश्न तुम्हाला मुलांच्या विचारशून्यतेचा पुरावा वाटला. मला तो तसा वाटत नाही. ज्या मुलाने हा प्रश्न विचारला, त्याने गेल्या पाच-सहा वर्षांत वर्गाचे बारकाईने निरीक्षण केले आहे. पाठ बेरजेचा असेल तर त्याखालची उदाहरणे बेरजेची असतात, उदाहरणात जितक्या संख्या दिल्या असतील तितक्या सगळ्या वापरायच्या असतात, उत्तर बहुधा सुटसुटीत येते, आणि ‘एकूण’ हा शब्द दिसला की मिळवायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याने ते स्वतः ताडले आहे. हा विचारच आहे, आणि चांगला तल्लख विचार आहे. फक्त तो उदाहरणाचा होत नाही, बाईंना काय हवे आहे याचा होतो. म्हणून तुमच्या पत्रातील पहिले गृहीतक, की मुले विचारच करत नाहीत, ते मी बाजूला ठेवायला सांगेन. मुले विचार करतातच. वर्गात ज्याला किंमत मिळते त्याचा ती विचार करतात.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९७९-८० साली गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक प्रश्न दिला होता : ‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काही ना काही आकडेमोड करून कप्तानाचे वय काढून दिले. याच मुलांना वर्गाबाहेर कोणी मेंढ्या मोजून माणसाचे वय विचारले असते तर ती नक्कीच हसली असती. वर्गात मात्र प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या संख्यांतूनच निघते, हा त्यांचा अनुभव होता आणि त्या अनुभवाला धरून ती वागली.

वय वाढल्याने ही सवय आपोआप सुटत नाही. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांच्या एका राष्ट्रीय चाचणीत विचारले गेले, की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ‘३२ बस’ हे उत्तर साधारण २३ टक्के मुलांनीच दिले, आणि त्यांच्याहून अधिक, म्हणजे २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. बाकी उरलेले बारा सैनिक रस्त्यावर उभे आहेत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलेच नाही, कारण भागाकार संपला तेव्हा त्यांच्या लेखी उदाहरणही संपले होते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रश्न सोडवण्याच्या ज्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांत प्रश्न समजून घेणे, योजना आखणे आणि ती पार पाडणे यांच्यानंतर शेवटची पायरी मिळालेल्या उत्तराकडे मागे वळून पाहण्याची आहे. आपल्या वर्गांत बहुतेक वेळा फक्त तिसरी पायरी होते. पहिल्या दोन आपण स्वतः फळ्यावर उरकतो आणि चौथी तपासणीच्या लाल शाईवर सोपवतो.

आता तुमच्या राखीव तासाविषयी. तो तास वाया गेला असे मुळीच समजू नका. मुलांना डोके चालवण्यात आनंद वाटतो हे त्या तासाने तुम्हाला आणि त्यांना दाखवून दिले, आणि ही कमाई लहान नाही. पण त्या तासामागे जे गृहीतक आहे ते तपासायला हवे. विचारशक्ती ही दंडाच्या स्नायूसारखी असून कोड्यांच्या व्यायामाने ती बळकट झाली की पुढे कोणतेही ओझे उचलेल, ही कल्पना फार जुनी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली ती पडताळून पाहिली, तेव्हा एका प्रकारच्या कामात मिळवलेले कसब दुसऱ्या कामात फारच थोडे उतरते, आणि तेही दोन्ही कामांत काही घटक सारखे असतील तेवढ्याच प्रमाणात, असे त्यांना आढळले. तुमची मुले आकृत्यांच्या मालिकेत हुशार झाली आणि अपूर्णांकांत होती तिथेच राहिली, यात तुमचे किंवा त्यांचे काही चुकलेले नाही. शिकणे असेच चालते.

याहूनही बोलका प्रयोग मेरी गिक आणि कीथ होलीओक यांनी १९८० साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली : किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले असतात, मोठी फौज एका वाटेने गेली तर सुरुंग फुटतील, म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून त्यांना निरनिराळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यापाशी पोहोचवतो. नंतर त्यांनी एका रुग्णाची अडचण मांडली : पोटात गाठ आहे, प्रखर किरणांनी ती नष्ट होईल पण वाटेतील निरोगी भागही जळेल, आणि सौम्य किरणांनी काहीच होणार नाही, तर काय करावे? सौम्य किरण अनेक दिशांनी एकाच वेळी गाठीवर सोडायचे, हे उत्तर त्या गोष्टीत जवळजवळ दिलेलेच होते. तरीही बहुतेकांना ते आपणहून सुचले नाही. ‘मघाशी वाचलेली गोष्ट इथे उपयोगी पडेल’ एवढे म्हटल्यावर मात्र त्यांतील अनेकांना ते झटकन सापडले. म्हणजे कल्पना डोक्यात होती, पण तिच्याकडे जाणारी वाट कोणी दाखवलेली नव्हती.

म्हणून तो तास बंद करू नका, त्याचे काम बदला. कोडे सोडवून झाले की शेवटची दहा मिनिटे एकाच प्रश्नासाठी ठेवा : ‘या आठवड्यात गणितात किंवा विज्ञानात आपण असेच काही कुठे केले?’ सुरुवातीला उत्तर येणार नाही आणि तुम्हालाच दाखवावे लागेल, की कोड्यात आपण अशक्य पर्याय एकेक करून खोडले तसेच परवा अनोळखी पदार्थ आम्ल आहे की आम्लारी हे ओळखतानाही खोडले होते. काही आठवड्यांनी मुलेच अशी जोडी आणू लागतील. त्यांनी आणलेली जोडी ओढूनताणून जमवलेली वाटली तरी लगेच नाकारू नका. ती कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही याची चर्चा हीच त्या तासाची खरी करमणूक होऊ शकते.

पाठांतर बंद करू का, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत काळजीचा वाटतो, कारण अनेक तळमळीचे शिक्षक याच ठिकाणी फसतात. घोकंपट्टीला विरोध करता करता आपण माहितीलाच विरोध करू लागतो. विचार करायला काहीतरी लागते, आणि ते डोक्यात असावे लागते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळाच्या खेळाडूंवर केलेला अभ्यास या बाबतीत आठवण्यासारखा आहे. खऱ्या डावातील पट काही सेकंद दाखवून तो पुन्हा मांडायला सांगितला, तेव्हा निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या बरोबर जागी ठेवल्या. पण सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून दाखवल्या, तेव्हा त्याची ही सरशी जवळजवळ नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती मुळात जास्त नव्हती. असंख्य डाव खेळल्यामुळे त्याला अर्थपूर्ण मांडणी एका नजरेत ओळखू येत होती. मुलांचेही असेच असते. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात, आणि ज्या मुलाला सात आठे छप्पन्न हे आठवायलाच सगळे बळ लावावे लागते, त्याच्याजवळ प्रश्न समजून घ्यायला काही शिल्लक राहत नाही. तेव्हा पाढे राहू द्या, व्याख्या राहू द्या, सूत्रे राहू द्या. फक्त पाठ झाले म्हणजे समजले असे धरू नका, आणि पाठ केलेली गोष्ट त्याच आठवड्यात कशासाठी तरी वापरायला लावा.

वर्गातील शांततेविषयी तुम्ही लिहिले आहे, आणि मला वाटते बदलाची पहिली जागा तिथे आहे. तुम्ही ‘का’ विचारल्यानंतर किती वेळ थांबता, हे कधी मोजले आहे का? मेरी बड रोव या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या कितीतरी तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून हे मोजले. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत, आणि तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न बदलत, दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. मुलाने उत्तर दिल्यावरही तितक्याच घाईने शिक्षक बोलू लागत. हाच थांबा तीन सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त केला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, उत्तरच न येण्याचे प्रसंग कमी झाले, न विचारता आपणहून बोलणारी मुले वाढली, आणि शिक्षक ज्यांना मागे पडलेली समजत होते ती मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असताना ते संपता संपत नाहीत. मनात सावकाश तीनपर्यंत मोजा. आणि मुलाचे उत्तर आल्यावर, ते बरोबर असले तरी, ‘शाब्बास’ म्हणण्याआधी पुन्हा एकदा मोजा. ‘शाब्बास’ ऐकले की बाकीचा वर्ग विचार थांबवतो, कारण आता विचार करण्यासारखे काही उरले नाही असे त्याला कळते.

हा दुसरा थांबा काय करतो ते मी माझ्याच वर्गात पाहिले आहे. दशांश अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावर ०.३ आणि ०.२५ लिहून मोठी संख्या कोणती ते विचारले, आणि दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने ०.३ सांगितले. एरवी मी ‘बरोबर’ म्हणून पुढच्या जोडीकडे वळले असते. त्या दिवशी थांबले आणि विचारले, “कसे ठरवलेस?” तो अगदी आत्मविश्वासाने म्हणाला, “दशांश शतांशापेक्षा मोठा असतो ना, बाई! एक आकडा असला की दशांश, दोन असले की शतांश. म्हणून जिच्यात आकडे कमी, ती मोठी.” मी काही न बोलता खाली ०.३ आणि ०.४५ लिहिले. त्याने पुन्हा ०.३ वर बोट ठेवले. मी मोजत होते, आणि दोन झाले असतील, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नसे, स्वतःशीच म्हणावे तशी म्हणाली, “पण ०.४५ मध्ये चार दशांश तर आधीच आहेत.” त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले, मग फळ्याकडे पाहिले, वहीत एक रेघ ओढून तिचे दहा भाग केले आणि बऱ्याच वेळाने विचारले, “म्हणजे आधी दशांश बघायचे, आणि ते सारखे असले तरच पुढे जायचे?” या सगळ्याला चार मिनिटे लागली असतील. माझ्या मनाला लागलेली गोष्ट निराळीच होती. त्या मुलाच्या वहीत गेल्या पंधरा दिवसांतील अशी सगळी उत्तरे बरोबर होती, कारण मी दिलेल्या जोड्यांत त्याचा चुकीचा नियम बरोबर उत्तरच देत होता, आणि मी प्रत्येकाशेजारी बरोबरची खूण केली होती.

त्यातून दोन गोष्टी मी कायमच्या शिकले आणि त्या तुम्हाला आवर्जून सांगते. ‘कसे ठरवलेस’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा. फक्त चुकीच्या उत्तराला विचारला तर मुले त्याचा अर्थ ‘तुझे चुकले’ असाच घेतात आणि लगेच उत्तर बदलतात. आणि उदाहरणातील संख्या निवडताना चुकीचा नियम उघडा पडेल अशी निवड करावी. ०.३ आणि ०.२५ ही जोडी ‘पंचवीस तीनापेक्षा मोठे’ असे मानणाऱ्याला पकडते, ०.३ आणि ०.४५ ही जोडी ‘कमी आकडे म्हणजे मोठी संख्या’ मानणाऱ्याला पकडते. दोन्ही विचारल्या तर कोणाच्या डोक्यात काय चालले आहे ते दोन मिनिटांत कळते.

ठरावीक तीन-चार मुलेच बोलतात, यावर उपाय सोपा आहे, पण तो चिकाटीने करावा लागतो. प्रश्न विचारल्यावर हात वर करायला सांगू नका. आधी सगळ्यांनी दोन मिनिटे वहीत काहीतरी लिहायचे, मग शेजाऱ्याला सांगायचे, आणि त्यानंतरच वर्गासमोर बोलायचे. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली ही रीत मांडली तेव्हापासून ती अनेक वर्गांत चालत आली आहे, आणि तिचे गमक असे, की वर्गासमोर चुकण्याची भीती शेजाऱ्यासमोर चुकण्याने अर्धी होऊन जाते. बोलण्यासाठी नाव चिठ्ठी टाकून निवडा आणि त्या मुलाला ‘तुझे उत्तर काय’ असे न विचारता ‘तुमच्या दोघांत काय बोलणे झाले’ असे विचारा. ज्या मुलांना वर्षानुवर्षे चुकीच्या उत्तराची किंमत मोजावी लागली आहे, ती एका आठवड्यात मोकळी होणार नाहीत. त्यांच्यासाठी आणखी एक करता येईल : एखादे न पाहिलेले उदाहरण तुम्ही स्वतः वर्गासमोर, मोठ्याने विचार करत सोडवा, अडा, खोडा, पुन्हा सुरू करा. आपल्या बाईसुद्धा अडतात आणि अडल्यावर काय करतात, हे मुलांनी क्वचितच पाहिलेले असते, कारण फळ्यावर आपण नेहमी घरून सोडवून आणलेलेच लिहितो.

अभ्यासक्रम मागे पडण्याची तुमची चिंता खरी आहे. तिला ‘गुण महत्त्वाचे नाहीत’ असे मी म्हणणार नाही. गुणांवर मुलांचे पुढचे मार्ग अवलंबून असतात. पण त्यासाठी वेगळे पाठ तयार करण्याची गरज नाही. पुस्तकातलेच उदाहरण घ्या आणि त्यातील एक संख्या काढून टाका : आता सोडवण्यासाठी आणखी काय कळायला हवे? किंवा एक अनावश्यक संख्या घाला : यातील कोणती माहिती कामाची नाही? उत्तर देऊन उदाहरण तयार करायला सांगा. पायऱ्यांसह पूर्ण सोडवलेले, पण मध्येच एका पायरीत चुकलेले उदाहरण द्या आणि चूक नेमकी कुठे सुरू झाली ते शोधायला लावा. याला जास्तीचे काही लागत नाही. दहाऐवजी सहा उदाहरणे सोडवून घ्या आणि उरलेल्या वेळात हे एक करा. रोजही नको. आठवड्यातून दोनदा, पण नेमाने.

विज्ञानात तर पुस्तकी प्रयोगच उत्तम संधी देतात. पाणी भरलेल्या थाळीत जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालण्याचा प्रयोग तुम्ही नक्की केला असेल. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. आणि ज्वलनात ऑक्सिजन संपला म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. ते सांगण्याऐवजी मुलांना आधी वहीत लिहायला सांगा : हे कारण खरे असेल, तर पाणी नेमके केव्हा चढायला हवे? विचार केला की मुले म्हणतात, मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढायला हवे, कारण ऑक्सिजन तेव्हाच संपत असतो. आता प्रयोग तुम्ही स्वतः करा आणि त्यांना फक्त पाण्याकडे पाहू द्या. पाण्याची मोठी चढण मेणबत्ती विझता विझता आणि विझल्यावर होते, आणि सुरुवातीला पेल्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसू शकतात. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून करा : पेला तोच, म्हणजे आत ऑक्सिजनही तेवढाच, तरी पाणी अधिक चढते. येथे वर्ग बोलू लागतो. ज्योतीच्या उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते, काही बाहेर जाते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, हे मुख्य कारण मुलांना सापडायला कदाचित दोन तास लागतील आणि तुम्हाला मधे बोट धरावे लागेल. तरी हे दोन तास द्यावेत असे माझे मत आहे, कारण एखादे स्पष्टीकरण खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे, हा प्रश्न एकदा हातात आला की तो उष्णतेच्या पाठापुरता राहत नाही. त्याच वेळी हेही लक्षात घ्या, की प्रसरण-आकुंचन आधी शिकलेले नसते, तर हा सगळा विचार मुलांना करताच आला नसता. पाठांतराविषयी मी जे लिहिले त्याचा अर्थ इथे दिसतो.

चाचणीकडेही पाहा. वर्गात ‘का’ विचारायचे आणि चाचणीत केवळ उत्तराला गुण द्यायचे, असे केले तर मुले चाचणीचेच ऐकतील. त्यांनी तसे करणे शहाणपणाचेही आहे. वार्षिक परीक्षा तुमच्या हातात नसेल, पण घटक चाचणी असते. वीस गुणांच्या चाचणीत चार गुण कारणाला ठेवा, आणि कारण पूर्ण जमले नाही तरी दिशा बरोबर असेल तर त्यातले दोन द्या.

पालकांना आधी सांगून टाका, म्हणजे वहीत खाडाखोड आणि अर्धवट उत्तरे दिसली की ते घाबरणार नाहीत. त्यांना एकच काम द्या, आणि जे पालक हे वाचत असतील त्यांनाही मी तेच सांगेन : मुलाचे चुकलेले उदाहरण दुरुस्त करायला बसण्याऐवजी त्याने बरोबर सोडवलेले एक उदाहरण त्याला समजावून सांगायला सांगा, आणि ते ऐकताना मध्ये बोलू नका. घरी गणित न येणाऱ्या आई-वडिलांनाही हे करता येते. किंबहुना त्यांना ते अधिक चांगले जमते.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी थोडेच लिहिते. मुलामुलांत फरक असतात हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मागच्या बाकावरची ती मुलगी माझ्या वर्गात पाच महिने बसली होती आणि माझ्या लेखी ती ‘साधारण’ होती. तिच्यात त्या दिवशी काही नवे उपजले नव्हते. फळ्यापुढे मी दोन सेकंद जास्त गप्प राहिले होते, एवढेच.

लगेच गुण वाढतील अशी आशा धरू नका आणि तसे कोणाला सांगूही नका. पहिली खूण बोलण्यात दिसेल. मुले ‘कारण’, ‘पण मग’, ‘असे असेल तर’ हे शब्द वापरू लागतील, एकमेकांकडे वळून बोलतील, आणि एखादे मूल सगळ्यांसमोर ‘मघाशी मी चुकीचे म्हणालो’ असे न लाजता म्हणेल. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून अशा खुणा टिपत जा. तीन महिन्यांनी तुमच्याजवळ पालकांना आणि मुख्याध्यापकांना दाखवण्यासारखे काहीतरी असेल, आणि मन खचेल तेव्हा स्वतःला दाखवण्यासारखेही.

पुढच्या आठवड्यात मात्र यातले सगळे सुरू करू नका. कुणीतरी “बाई, बेरीज करायची की गुणाकार?” असे विचारेलच. तेव्हा उत्तर देऊ नका आणि रागावूही नका. “दोन्ही करून बघ, आणि कोणते उत्तर या गोष्टीत बसते ते मला सांग,” एवढे म्हणा, आणि मनात मोजायला लागा.